नापास साहेबांची परीक्षा

४ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार, आशीर्वाद वगैरे आपापले वाटून घ्या, मी सरळ मुद्द्यावर येते. घरात फोन असताना ही बाई पत्र कशाला लिहितेय, असं तुमच्या मनात येईल. फोन वाजला की तुमचे दादा माझ्याआधी तिथे पोचतात, आणि मी बोलत असले तर शेजारी उभे राहून शब्दन् शब्द ऐकतात. त्यांच्याबद्दल त्यांच्यासमोर काय बोलणार? म्हणून चष्म्याच्या दुकानात, जेवणाच्या सुट्टीत, गिऱ्हाइकांच्या काचा बाजूला सारून हे लिहितेय. उत्तर घरच्या पत्त्यावर पाठवू नका. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या नावावर पाठवा, त्या माझ्या हातात देतील.

तुमचे दादा विसरायला लागलेत. चष्मा कुठे ठेवला, असलं विसरणं नव्हे. गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या बाईंचं दार ठोठावलं आणि त्यांनाच दरडावून विचारलं, “तुम्ही माझ्या घरात काय करताय?” गॅस सुरू करतात, पेटवायचं राहून जातं, आणि बाहेर येऊन पेपर वाचत बसतात. परवा संध्याकाळी मी भांडी घासत होते. मागून येऊन अगदी सौजन्याने म्हणाले, “बाई, तुमचं काम झालं असेल तर निघा तुम्ही. माझी बायको येईलच आता.”

डॉक्टरांनी आजाराला नाव दिलंय, ते तुम्हाला भेटीत सांगेन. अशा माणसांना दिवसभर सांभाळणारं एक केंद्र इथे आहे. सकाळी गाडी येऊन नेते, संध्याकाळी आणून सोडते. तिथे जागा मिळाली तर माझी नोकरी टिकेल. आत्ता मी त्यांना घरात ठेवून बाहेरून कुलूप लावून दुकानात येते आणि मधूनमधून घरी पळत सुटते. मालक भला माणूस आहे, पण परवा म्हणाला, “वहिनी, उन्हाळ्यापर्यंत बघतो, मग मला दुसरं कोणी घ्यावं लागेल.”

आता ऐका खरी गंमत. केंद्रात घ्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवत नाहीत, केंद्राची तपासनीस बाई घरी येऊन ठरवते. आणि घरी माणूस येणार म्हटल्यावर मी मूर्खासारखं घर लखलखीत केलं. पडदे धुतले. त्यांना इस्त्रीचा शर्ट घातला, टाय बांधला. बाई आल्या तसे हे उठून उभे राहिले, खुर्ची पुढे केली, हवापाण्याच्या गप्पा काढल्या. तारीख विचारली तर समोरच्या कॅलेंडरात पाहून सांगितली. ते कॅलेंडर मीच टांगलंय, रोज सकाळी पान फाडते. शंभरातून सात-सात वजा करायला लावले तर हे खाली शून्याच्या जवळ जाऊन पोचले आणि वर विचारलं, “पुढे?”

आठवड्याने कागद आला. ‘अर्जदार स्वतःची काळजी घेण्यास समर्थ असल्याने अपात्र.’ मी तो वाचत होते तेव्हा समर्थ अर्जदार आपले बूट फ्रीजमध्ये ठेवत होते.

फेरतपासणी मागता येते, पण त्यासाठी बायकोशिवाय आणखी एका जवळच्या नातेवाइकाचं म्हणणं जोडावं लागतं. ते तुम्ही लिहून द्या. एवढंच मागणं आहे.

तुमची वहिनी

*

१५ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग राग आला. रविवारीच दादाशी बोलले मी. आवाज कसा खणखणीत! मी हॅलो म्हणताच त्याने विचारलं, “काय गं, लायसन्स मिळालं का?” हा माणूस विसरतो?

तू लग्न होऊन आलीस त्याच्या आधीची गोष्ट आहे, पण ऐकून तुला पाठ असेल. याच दादाने मला गाडीच्या परीक्षेत तीनदा नापास केलं, सख्ख्या बहिणीला. त्या शहरात गाडी चालवणाऱ्यांपैकी निम्मे त्याच्या शेजारी बसून घामाघूम झालेले आहेत. उगाच का लोक त्याला ‘नापास साहेब’ म्हणायचे? आणि नापास करण्याची ती पद्धत! तोंडातून ‘नापास’ हा शब्द कधी काढला नाही त्याने. गाडी थांबली की स्वतः उतरायचा, पुढून वळसा घालून आपल्या बाजूला यायचा, आपलं दार अदबीने उघडून धरायचा आणि म्हणायचा, “आज नको. तयारी करून पुन्हा या.” पास झालेल्यांनी आपली दारं आपण उघडायची. त्या दाराची मी इतकी धास्ती घेतली की अजून बसने फिरते.

असा काटेकोर माणूस. त्याला तू कुठल्याशा केंद्रात बसवणार, लहान मुलांसारखा? विसरायला तर मीही विसरते. काल हॉटेलच्या दोन मजल्यांच्या चादरी एकत्र धुवायला टाकल्या, लॉन्ड्रीत माझ्याच हाताखालच्या बायका मला हसल्या. म्हणून मला कोणी अर्ज भरून कुठे पाठवलं नाही.

राग मानू नकोस, पण सरकारी बाई घरी येऊन बघून गेली, ती परकी, तिला काय पडलंय खोटं लिहायचं? तू दमली आहेस. थोडे दिवस रजा घे. म्हणणं वगैरे मी काही लिहून देणार नाही. चांगल्या माणसाच्या कपाळी शिक्का मारायला माझी सही नको.

तुझी नणंद

*

२७ फेब्रुवारी

वन्सं,

दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काही खोटं नाही. इतक्या लांबून तुम्हाला भाऊ छान दिसतो, आणि इथे जवळ उभी असलेली मी दमलेली, चिडकी, नवऱ्याच्या कपाळी शिक्का मारायला निघालेली. रजा घे म्हणता. रजा घेऊन करू काय? घरीच बसायचं ना? त्याच घरापासून तर मला दिवसाचे चार तास तरी सुटका हवीय.

मी इतकी वर्षं तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणत आले, तुम्ही माझ्याहून लहान असून. आज मात्र ‘तू’ म्हणणार आहे, तुला जे वाटायचं ते वाटू दे. तू रविवारी जे ऐकतेस ना, ते बोलणं नव्हे. त्यांच्याजवळ आता फोनसाठी चार-पाच वाक्यं उरलीत. ‘काय म्हणतेस?’ ‘लायसन्स मिळालं का?’ ‘तब्येतीला जप.’ ‘बाकी सगळं ठीक.’ तुझ्या बोलण्यात जागा सापडली की त्यातलं एक घालतात. मागच्या रविवारी तू नवं काय ऐकलंस त्यांच्याकडून? एक गोष्ट आठवून सांग. काय जेवले, कुठे गेले, कोण भेटलं, काहीही.

तुला पुरावा हवाय ना, मग येत्या रविवारी विचार त्यांना. ‘दादा, मी कुठून बोलतेय?’ विचार. ‘मी काम काय करते?’ विचार. आणि त्यांनी हसून विषय बदलला तर तूही हसू नकोस. बदलू देऊ नकोस.

ज्याचं जळतं त्याला कळतं. त्या बाईंनी एक तास पाहिलं, तू आठवड्यातून एकदा ऐकतेस. उरलेला सगळा वेळ मी एकटीच साक्षीदार आहे आणि माझी साक्ष कोणी धरत नाही, कारण मी बायको आहे. बायको काय, कंटाळली असेल! हो, कंटाळले आहे. कंटाळले आहे म्हणून मी खोटारडी होते का?

वहिनी

*

१० मार्च

वहिनी,

तू मला ‘तू’च म्हणत जा. शोभतं.

विचारलं मी. “दादा, मी कुठून बोलतेय सांग बघू?” तर हसला. “का, तुला माहीत नाही होय?” मीही हसणार होते, तुझं वाक्य आठवलं. मग विचारलं, “मी काम काय करते?” म्हणाला, “कामाचं काय, काम तर सगळ्यांनाच करावं लागतं.” किती सफाईने गं! मी एवढ्या रविवारांत किती वेळा अशी फसले असेन देव जाणे. एवढ्यावर फोन ठेवायला हवा होता मी. पण जिभेला हाड नाही ना. विचारलं, “आई कशी आहे?”

आवाज खाली आणून म्हणाला, “आत झोपलीय. उठवू का?”

आईला जाऊन किती वर्षं झाली ते तुला माहीत आहे. तिला खांदा यानेच दिला. मी म्हटलं, “नको दादा, झोपू दे.” दुसरं काय म्हणणार?

माझं म्हणणं सोबत जोडलंय, सही करून. मागचं पत्र फाडून टाक. नको, ठेव, माझ्या शहाणपणाचा नमुना म्हणून राहू दे.

आता जरा कामाचं. घर लखलखीत करून, टाय बांधून तू स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास. आमच्या लॉन्ड्रीत डाग दाखवल्याशिवाय कोणी कपडा वेगळा काढत नाही. स्वच्छ दिसला की सरळ कपाटात. तेव्हा डाग दाखव. फेरतपासणीच्या दिवशी झाडू मारायचा नाही. इस्त्री नाही, टाय नाही. ते कॅलेंडर काढून माळ्यावर टाक. तो बूट फ्रीजमध्ये ठेवतो ना, तर ते तिथेच राहू दे आणि बाईंना पाणी देताना फ्रीज सताड उघड. लाज बाजूला ठेव, लाजेला केंद्रात जागा मिळत नाही.

एप्रिलमध्ये मला आठवडाभर सुट्टी मिळेल. मी येते.

तुझी नणंद

*

२४ मार्च

वन्सं,

(सवय जात नाही. ‘वन्सं’ राहू दे, ‘तू’ चालू ठेवते.)

तुझ्या सल्ल्यापायी माझी काय शोभा झाली ती वाच. सांगितलंस तसं सगळं केलं. दोन दिवस केर काढला नाही, सिंकमध्ये भांडी रचली, कॅलेंडर उतरवलं, टाय माझ्या ब्लाउजांच्या खाली दडवला. मला स्वतःच्याच घरात किळस येत होती. पण म्हटलं सोसू.

सकाळी मी आंघोळीला गेले. बाहेर येते तर काय! हे झाडू मारून मोकळे. भांडी घासलेली. दाढी केलेली, बूट चकचकीत. टाय सापडला नाही म्हणून शेजाऱ्यांकडून मागून आणलेला. म्हणाले, “आज परीक्षा आहे.” वर्षभर ज्या माणसाला बनियन उलटा की सुलटा कळत नाही, त्याला परीक्षा आहे एवढं बरोबर कळलं. मी टॉवेल गुंडाळलेली तशीच मोरीच्या दारात बसले.

बाई आल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारायच्या आत यांनी त्यांनाच विचारलं, “तुम्ही गाडी कुठे लावलीत?” बाई म्हणाल्या, “कोपऱ्यावर.” हे म्हणाले, “कोपऱ्यावर लावत नाहीत. वळणाऱ्याला दिसत नाही.” बाई खाली जाऊन गाडी हलवून आल्या! त्यानंतर परीक्षा कोण घेत होतं आणि देत कोण होतं, काही कळेना. मी पाणी द्यायच्या निमित्ताने फ्रीज सताड उघडला. आत बूट नव्हते. ते पायात होते ना.

मी म्हटलं, “बाई, तुम्ही आहात तोवर ते असे असतात. तुम्ही गेलात की...” तर हे माझ्याकडे पाहून बाईंना हळूच म्हणाले, “त्या जरा दमल्यात. समजून घ्या.” आणि त्या बाईंच्या डोळ्यांत माझ्याबद्दलची जी कीव आली, वन्सं, मला ओरडावंसं वाटलं. बाई गेल्यावर दार लागलं, हे खुर्चीत बसले आणि मला विचारलं, “त्या कोण होत्या?”

कागद आला आहे. ‘अपात्र.’ तुझं म्हणणं त्यांनी वाचलं म्हणे, पण ते ‘दूर राहणाऱ्या नातेवाइकाचं’ म्हणून बाजूला ठेवलं. खाली वेगळी सूचना: ‘अर्जदाराच्या पत्नीस मानसिक ताण असल्याचे आढळते, तिने स्वतःची तपासणी करून घ्यावी.’ आहे की नाही? आजारी ते, आणि कागद माझ्या नावाचा.

शेवटचं अपील मेमध्ये. या वेळी केंद्राचे वरचे साहेब स्वतः येणार. त्यांनीही नाही म्हटलं तर वर्षभर पुन्हा अर्ज करता येत नाही. मालक दुकानाच्या दारावर ‘माणूस पाहिजे’ची पाटी लावायला निघालाय.

तू ये. निदान सिंकमधली भांडी तरी दोघी मिळून घासू.

वहिनी

*

२२ एप्रिल

वहिनी,

काल घरी पोचले. येताना स्टँडवर तू जे म्हणालीस, ‘आता तरी कोणीतरी पाहिलंय’, ते बसभर डोक्यात घोळत होतं. हो, पाहिलंय. पहिले दोन दिवस त्याने माझा काय पाहुणचार केला! मला वाटायला लागलं, माझ्या पायगुणाने सुधारला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात जायला पिशवी घेऊन निघाले, तर जिन्यात मला अडवून म्हणाला, “उमेदवारांनी खाली थांबायचं. नाव पुकारलं की वर या.” मी खाली जाऊन उभी राहिले. शिंपीणबाईंनी मला मशीनजवळच्या स्टुलावर बसवलं आणि काही विचारलं नाही. चांगली बाई आहे.

आता नीट ऐक. आठवडाभर मी एकच गोष्ट पाहिली. खुर्चीत बसला आणि समोर परका माणूस आला की त्याचं सगळं ठीक असतं. खुर्ची, टाय, समोरचा माणूस, त्याचं सगळं शहाणपण तेवढ्यात उरलंय. आणि आपण त्याला दरवेळी तिथेच बसवतो. त्याला खाली तुमच्या गाडीत बसवलं होतं ते आठव. त्या दिवशी तो फारच हट्टाला पेटला म्हणून तू पिठाच्या डब्यात लपवलेली किल्ली काढून दिलीस. आरसा किती छान नीट केला त्याने! आणि मग किल्ली कुठे घालायची ते सापडेना. रेडिओच्या फटीत घालून पाहिली, मग खिशात टाकली आणि म्हणाला, “आज रस्त्यावर गर्दी आहे,” आणि आपण तिघंही वर आलो.

ते त्या साहेबांना दिसू दे. त्यांना वर बोलावूच नकोस, खाली गाडीपाशी भेट घडव. दोन मिनिटांचं काम आहे.

तुला हे आवडणार नाही, माहीत आहे. मला तरी कुठे आवडतंय?

तुझी नणंद

*

३० एप्रिल

वन्सं,

नाही.

तू सुचवलंस त्यात खोट काही नाही. ते केलं तर काम होईल, हेही मला कळतं. पण त्या माणसाचं सगळं आयुष्य त्या दोन सीटांवर गेलंय. चुकीच्या माणसाला एकदाही पास केलं नाही, एवढी एकच बढाई त्यांनी जन्मात मारली. कोणा आमदाराच्या पुतण्याला नापास केलं म्हणून दोन वर्षं त्यांना भंगार गाड्यांच्या आवारात बसवलं होतं, तरी वाकले नाहीत. आणि मी त्यांना तिथेच नेऊन, परक्या माणसासमोर, उघडं पाडू?

मला राग कशाचा येतो सांगू? पात्र ठरायचं तर त्यांनी हरलं पाहिजे, आणि हरवायचं मी. जिंकले तर मी मेले. असला कसला नियम काढलाय यांनी? माणूस अजून उभा राहण्यासाठी धडपडतोय, म्हणून त्याला मदत नाही. पडेल तेव्हा या म्हणतात.

किल्ली डब्यातच राहील. बाकी काय व्हायचं ते होवो.

वहिनी

*

२५ मे

वहिनी,

अपिलाचा दिवस होऊन आठवडा उलटला. फोन केला तर दादाच उचलतो आणि “बाकी सगळं ठीक” म्हणतो. तुला द्यायला सांगितलं तर “ती दुकानात गेलीय” म्हणतो, रविवारीसुद्धा. शिंपीणबाईंच्या नंबरावर केला तर त्या म्हणतात, “त्याच लिहितील.” काय झालं? माझ्यावर रागावली आहेस का? हो किंवा नाही, एवढं तरी कळव. इथे इस्त्रीवाल्या बायकांवर मी उगाच ओरडत सुटलेय.

नणंद

*

११ जून

वन्सं,

रागावले नव्हते. लिहायला बसायची आणि उठायची, असे दिवस गेले.

साहेब आले. यांच्याहून बरेच लहान, डोक्यावर मधोमध टक्कल, हातात फाइल. हे टाय लावून खुर्चीत तयार. पुन्हा तेच सगळं. हवापाणी, तारीख, वजाबाकी. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि मला कळत होतं की गेलं, हेही गेलं. साहेबांनी फाइल मिटली. मग उठता उठता हसून म्हणाले, “साहेब, ओळखलं नसेल तुम्ही. तरुणपणी मी तुमच्या हातून नापास झालोय.”

यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. “कशात?”

“निघताना आरसा पाहिला नाही.”

“आता पाहता का? चला, बघू.” हे उठलेच. खिसे चाचपले, आणि माझ्याकडे वळले. “किल्ली?”

साहेब माझ्याकडे पाहून हसत होते. त्यांना ती म्हाताऱ्या माणसाची मौज वाटली. मी म्हणू शकले असते की किल्ली हरवली. साहेब चहा घेऊन गेले असते, कागद आला असता, यांची इभ्रत राहिली असती. मी तुला ‘नाही’ असं केवढं ठासून लिहिलं होतं! आणि मी आत गेले, पिठाच्या डब्यात हात घातला आणि किल्ली आणून त्यांच्या हातात ठेवली. का, ते विचारू नकोस. त्यांच्या भल्यासाठी वगैरे काही नाही. मी थकले होते. आदल्या रात्रीची झोप नव्हती, त्याच्या आदल्याचीही नव्हती. दुसरं कारण नाही.

खाली गेलो. साहेबांना वाटलं होतं, हे शेजारी बसतील आणि गाडी आपण चालवायची. पण हे जाऊन चालकाच्या जागी बसले. साहेब क्षणभर घुटमळले आणि शेजारी बसले. मी मागे. यांनी सीट पुढे घेतली. आरसा नीट केला. त्या आरशात मला त्यांचे डोळे दिसत होते. मग किल्ली पुढे केली. रेडिओची फट. हवेची जाळी. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, मग उजव्या बाजूला, अगदी भोकाच्या शेजारून. हातावर पीठ होतं, जिथे जिथे हात लावला तिथे पांढरं उमटलं. साहेबांचं हसू केव्हाच गेलं होतं. ते बोट दाखवायला गेले, मी मागून त्यांचा खांदा धरला. त्यांनी हात मागे घेतला.

मी वाट पाहत होते, आता ‘आज गर्दी आहे’ म्हणतील आणि किल्ली खिशात टाकतील. तसं म्हणाले असते तर बरं झालं असतं. पण शेजारी परीक्षक बसला होता ना वन्सं, आणि परीक्षेत त्यांनी कधी लबाडी चालवून घेतली नाही. त्यांनी किल्ली समोर ठेवली. दोन्ही हात मांडीवर घेतले. समोर पाहतच म्हणाले, “दार उघडा.”

मला वाटलं, त्यांना गुदमरतंय. मी हँडलला हात घातला. पण साहेबांना कळलं. त्यांच्यासाठी ते दार एकदा उघडलं गेलेलं होतं. ते उतरले, पुढून वळसा घालून आले आणि यांच्या बाजूचं दार उघडून धरून उभे राहिले. हे उतरेनात.

“वाक्य आहे त्याला,” हे म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग तो टकला माणूस, हातात फाइल, भर रस्त्यात, घसा खाकरून म्हणाला, “आज नको, साहेब. तयारी करून पुन्हा या.”

“येईन,” हे म्हणाले. टाय सारखा केला आणि उतरले.

कागद चार दिवसांत आला. ‘पात्र.’ शिंपीणबाईंनी माझ्या आधी वाचला आणि म्हणाल्या, “अभिनंदन!” त्यांच्या कात्रीनेच त्यांची जीभ कापावीशी वाटली. इतके महिने या एका शब्दासाठी मी भांडले, खोटी पडले, वेडी ठरले. आणि तो हातात आल्यावर मी जिन्यात बसून इतकी रडले की वरच्या मजल्यावरच्या बाई पाणी घेऊन आल्या. ‘अपात्र’ लिहून आलं होतं तेव्हा मी चिडले होते, रडले नव्हते. तेव्हा निदान कोणीतरी लिहून दिलं होतं की हा माणूस समर्थ आहे. खोटं का होईना.

नोकरी टिकली. मालकाने पाटी लावली नाही. दुपारी मी बसून जेवते, सावकाश. आणि तरी डोकं तापलेलंच असतं, कोणावर ते कळत नाही.

केंद्राची गाडी सकाळी येते. हे टाय लावून खाली उतरतात आणि गाडीपाशी जाऊन उभे राहतात. चालक सांगतो, मदतनीस बाई हात धरतात, हे हलत नाहीत. पहिल्या दिवशी सगळे खोळंबले. मग माझ्या लक्षात आलं. मी गेले आणि दार उघडून धरलं. तरी उभेच, माझ्याकडे बघत.

आता रोज मीच दार उघडते आणि म्हणते, “पुन्हा या.”

मी कोण, ते त्यांना ठाऊक नसतं. पण “येईन” म्हणतात, आणि संध्याकाळी येतात.

तुझी वहिनी